खाटेपलीकडचा विमा : दूरसल्ल्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

फोनवरून डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्याचे पैसे कोणी द्यायचे, या एका प्रश्नाभोवती हे अभ्यासक्षेत्र उभे आहे. प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण उत्तर शोधायला निघालेल्या माणसाला वैद्यक, कायदा, विमाशास्त्र, सरकारी खर्चाचे गणित आणि घरातला मोबाइल नेमका कोणाच्या हातात असतो याचे समाजशास्त्र, हे सगळे शिकावे लागते. म्हणूनच हा विषय कोणा एका विद्याशाखेच्या मालकीचा झालेला नाही आणि नव्याने येणाऱ्याला इथे अजून भरपूर जागा आहे. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असा, आरोग्य उपकेंद्रात काम करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकारी असा, विमा प्रतिनिधी असा किंवा गावच्या पतसंस्थेचे संचालक, या अभ्यासात तुमचे मनापासून स्वागत आहे. तुम्हाला जे रोजच्या कामातून ठाऊक आहे, ते या विषयावरच्या पुष्कळशा लेखनात अजून आलेलेच नाही.

विषय समजून घेण्यासाठी मी अहिल्यानगर जिल्हा समोर ठेवतो. 2024 मध्ये नाव बदलले तरी बोलण्यात अजून ‘नगर’च येते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा : सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार, चौदा तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या. उत्तरेला राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर हा कालव्यांचा आणि साखर कारखान्यांचा पट्टा आहे आणि तिथेच लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड ही अवर्षणाची गावे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्री थेट कळसूबाईपर्यंत चढत जातो. घाटघर-रतनवाडीच्या माणसाला नगरचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. डॉक्टरांची तपासणी दहा मिनिटांत होते. पण एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी धरली, तर सरकारी दवाखान्यातला फुकट सल्लाही महाग पडतो. हा खर्च कोणत्याच विमा पॉलिसीच्या हिशेबात येत नाही. दूरसल्ला तो वाचवतो, आणि या विषयाला नैतिक वजन येते ते इथूनच.

आता कायद्याकडे वळू. फोनवरून सल्ला देणे डॉक्टरांना नवे नव्हते, पण 2020 पर्यंत त्याला स्पष्ट लेखी नियम नव्हता. या पोकळीची किंमत महाराष्ट्रातच दिसली. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना त्यांच्या फोनवरच्या सूचनांनुसार उपचार झाले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. राज्यभरातले डॉक्टर त्यानंतर फोनवर काही सांगायला कचरू लागले. त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. काय चालेल आणि काय नाही, हेच कोणी लिहून दिलेले नव्हते.

ते लिहून मिळाले 25 मार्च 2020 रोजी. देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेला जोडली गेली. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच ती मुळातून वाचावीत. नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला दूरसल्ला देऊ शकतो. लेखी संदेश, आवाज किंवा चित्रफीत-संवाद, तिन्ही माध्यमे मान्य आहेत. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने लावून दिला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. औषधांच्या याद्या ठरवून दिल्या आहेत : काही कोणत्याही माध्यमातून, काही पहिल्या वेळी फक्त व्हिडिओवर रुग्णाला पाहून, काही केवळ पाठपुराव्याच्या वेळी आणि गुंगीची व व्यसन लावणारी औषधे मुळीच नाहीत. डॉक्टरांनी योग्य फी घ्यावी आणि पावती द्यावी, हेही त्यात आहे. ती फी भरायची कोणी, हा प्रश्न मात्र त्या तत्त्वांच्या कक्षेबाहेर होता.

त्याला पहिले उत्तर विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, जून 2020 मध्ये दिले. पॉलिसीच्या अटींनुसार जिथे जिथे डॉक्टरांचा सल्ला मान्य आहे, तिथे तिथे दूरसल्लाही मान्य करावा, त्यासाठी पॉलिसीत वेगळा बदल मंजूर करून घेण्याची गरज नाही, मात्र पॉलिसीतल्या रकमेच्या मर्यादा जशाच्या तशा लागू राहतील, असा त्याचा आशय. वाचताना वाटते की प्रश्न सुटला. समोर बसून सल्ला आणि फोनवरून सल्ला, दोन्ही विम्याच्या नजरेत एक झाले. तत्त्व म्हणून हा निर्णय योग्यच होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

अडचण एक पायरी खाली आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसीत डॉक्टरांचा साधा सल्ला मुळातच मान्य नाही. आरोग्य विमा म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याचा विमा, अशीच त्याची घडण आहे. काही ठराविक दिवसभराच्या शस्त्रक्रिया आणि उपचार सोडले, तर किमान चोवीस तास खाटेवर असल्याशिवाय क्लेम होत नाही. दाखल होण्याआधीच्या आणि घरी गेल्यानंतरच्या काही दिवसांचा खर्च मिळतो, त्यात सल्ल्याची फी बसते, तेवढेच. ओपीडीचे, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे, संरक्षण हवे असेल तर ते बहुधा जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते. ‘ॲडमिट केलं तरच पैसे मिळतात’ हे कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येणारे वाक्य विमा कराराचे अचूक वर्णन आहे. ज्या दाराने प्रत्यक्ष रुग्णालाच आत घेतले जात नाही, त्या दाराने फोनवरच्या रुग्णालाही समान प्रवेश मिळाला, असा 2020 च्या निर्णयाचा व्यवहारातला अर्थ झाला. नवख्या अभ्यासकाने एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी पुढचे बरेचसे आपोआप उलगडेल. आपल्याकडे दूरसल्ल्याला विमा मिळवून देण्याची मागणी म्हणजे खरे तर ओपीडीला विमा मिळवून देण्याची मागणी आहे.

आणि आजारपणातला पैसा मोठ्या प्रमाणात खर्च होतो तो खाटेबाहेरच. मधुमेह, रक्तदाब, दमा, फेफरे, नैराश्य, हे आजार वर्षानुवर्षे ओपीडीच्या खिडकीवर आणि मेडिकलच्या दुकानात पैसे भरायला लावतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हाच आकडा 64.2 टक्के होता. घट मोठी आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. उरलेला हिस्सा मात्र अशा जागी साचला आहे जिथे खाटेचा विमा पोहोचत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ‘लोकांना विमाच नाही’ ही जुनी तक्रार आता तशी करता येत नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना निवडक जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखांचे संरक्षण वाढून 2024 मध्ये प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आणि उत्पन्नाची अटही व्यवहारात मागे पडली. कागदावर घाटघरचा आदिवासी शेतकरी आणि नगर शहरातला नोकरदार एका रांगेत आले. हे लहान काम नव्हे. पण ही योजनाही शस्त्रक्रिया आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया तिच्यात होते. झडप बदललेल्या माणसाला आपली रक्त पातळ करणारी गोळी किती घ्यायची हे दर काही आठवड्यांनी विचारायचे असते, आणि त्यासाठी तो पुन्हा एसटीत बसतो.

इथे एक जागा अशी आहे की जिथे फार मोठा कायदा न करता हात घालता येईल. फुले योजनेच्या आधीच्या यादीत 996 उपचारांसोबत 121 पाठपुरावा सेवाही होत्या. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची तपासणी, औषधे आणि सल्ला यांना स्वतंत्र दर देण्याची कल्पना राज्याने या योजनेत आधीच मान्य केलेली आहे. यातल्या ज्या पाठपुराव्याला हाताने तपासण्याची गरज नाही, तो दूरसल्ल्याने झाला तरी त्याच दराने मान्य करावा आणि रक्ताची तपासणी रुग्णाच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी योजना नको, नवे नाव नको. असलेल्या दरपत्रकात एक ओळ हवी.

दक्षिणेच्या तालुक्यांत याची गरज आणखी ठसठशीत दिसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि हंगाम संपला की परततात. कोयता, बिऱ्हाड, पोरेबाळे, सगळे सोबत. पाच-सहा महिने घर म्हणजे कारखान्याच्या फडाजवळची खोपी. रक्तदाबाची गोळी गावच्या डॉक्टरने सुरू केलेली असते आणि ती महिन्याभरात संपते. नव्या गावात कोण ओळखणार? मुकादमाची उचल डोक्यावर असताना गोळीसाठी एक खाडा कोण करणार? आता 2020 च्या तत्त्वांतली एक तरतूद पाहा. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरला प्रत्यक्ष भेटून सहा महिने उलटले नसतील, तर पुढचा सल्ला ‘पाठपुरावा’ ठरतो आणि चालू औषधे फोनवरूनही पुढे देता येतात. सहा महिने म्हणजे जवळपास एक गळीत हंगाम. निघण्याआधी गावच्या आरोग्य केंद्रात एकदा नीट तपासणी केली, तर अख्खा हंगाम फोनवरचा पाठपुरावा कायद्याने धरून चालतो. ही तरतूद लिहिताना ऊसतोड कामगार कोणाच्या मनात असण्याची शक्यता कमीच, पण ती त्यांच्या जगण्याला विलक्षण जुळते. तिचा उपयोग करून घेणारी व्यवस्था उभारणे, हे या जिल्ह्यातल्या अभ्यासकांचे आणि आरोग्य यंत्रणेचे काम आहे.

दूरसल्ल्याचा सरकारी मार्ग आज ई-संजीवनी हा आहे. 2019 च्या नोव्हेंबरात आरोग्य केंद्रातून तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडणारी आणि एप्रिल 2020 मध्ये घरून थेट वापरता येणारी अशा दोन वाटांनी ही सेवा सुरू झाली. 2023 च्या फेब्रुवारीत देशभरातल्या सल्ल्यांचा आकडा दहा कोटींपलीकडे गेला. रुग्णाला ती मोफत आहे, कारण तिचा खर्च करातून भागतो. मानसिक आरोग्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही 14416 क्रमांकाची सेवा आहे. विम्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या सरकारी सेवांकडे दुर्लक्ष करू नये. करातून चालणारी सेवा चांगली असेल तर विम्याची गरज तेवढी कमी होते, आणि तिथे रांग लांबली, तज्ज्ञ मिळाला नाही, की रुग्ण पुन्हा खासगी डॉक्टरांकडे, म्हणजे पुन्हा खिशाकडे वळतो. या दोन प्रवाहांतली ये-जा कशी होते, याचा तालुकानिहाय अभ्यास मोलाचा ठरेल.

यंत्रे मात्र एकटी काम करत नाहीत, आणि हे जामखेडइतके ठामपणे दुसऱ्या कोणत्या गावाने क्वचितच दाखवले असेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, जुलाबात द्यायचे साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगाची पहिली खूण, हे त्या ओळखू आणि हाताळू लागल्या. रुग्ण मोठ्या दवाखान्यात कधी न्यायचा हेही त्याच ठरवू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. दूरसल्ल्याच्या दृष्टीने त्यातला धडा सरळ आहे. पडद्यावरच्या डॉक्टरला रुग्णाच्या शेजारी बसलेली, त्याची भाषा जाणणारी, नाडी पाहणारी, नंतर घरी जाऊन गोळी घेतली का विचारणारी व्यक्ती लागते. ई-संजीवनीत उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी नेमके हेच करतात. म्हणून विम्याचे नियम लिहिताना फक्त डॉक्टरांची फी मान्य करून थांबणे अपुरे आहे. शेजारी बसणाऱ्या या व्यक्तीच्या वेळेलाही दर हवा. तो नसेल तर दूरसल्ला स्मार्टफोन सफाईने वापरणाऱ्यांची सोय होऊन बसेल.

स्मार्टफोनचा मुद्दा स्त्रियांच्या बाबतीत विशेष जपायला हवा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात स्वतः वापरता येईल असा मोबाइल निम्म्याहून थोड्याच अधिक स्त्रियांकडे होता. उरलेल्यांनी पाळीच्या त्रासाबद्दल, गर्भनिरोधनाबद्दल किंवा घरातल्या मारहाणीबद्दल डॉक्टरशी बोलायचे ते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवरून. अशा वेळी उपकेंद्रातली बंद दाराची खोली हीच खरी गोपनीयता. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात व्हिडिओ थांबत थांबत येतो, आवाज बरा पोहोचतो. कोणी विमा कंपनी ‘फक्त व्हिडिओवरचा सल्लाच मान्य’ असा नियम करू पाहील, तर तो वरवर तंत्रशुद्ध दिसेल आणि प्रत्यक्षात डोंगरातल्या माणसाला वगळेल. मार्गदर्शक तत्त्वांनी आवाजाला मान्यता दिली आहे. विम्याने ती अरुंद करू नये.

विमा कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. चारशे-पाचशे रुपयांचे शेकडो क्लेम तपासायला सल्ल्याच्या फीपेक्षा जास्त खर्च येऊ शकतो. खोट्या सल्ल्यांची बिले बनवणे खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपे आहे. सल्ला फुकट झाला की लोक गरज नसताना फोन करतील, ही धास्तीही आहे. यावर जगभर वापरले जाणारे उत्तर म्हणजे प्रत्येक सल्ल्याचे बिल न मागता माणशी ठराविक वार्षिक रक्कम दवाखान्याला आधीच देणे. मग फोन करा की भेटा, डॉक्टरचा फायदा रुग्ण बरा राहण्यात. आणि ओपीडीला विमा देणे आपल्याकडे अगदीच नवे नाही : कामगार राज्य विमा योजना ओपीडी सामावून घेते, तीही 1948 च्या कायद्यापासून. नागापूर किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला ठरावीक वेतनमर्यादेतला कामगार त्यात येतो, त्याच रस्त्याने शेतात जाणारी मजूर बाई येत नाही.

या जिल्ह्याला सहकाराची जी सवय आहे, तिचा इथे उपयोग व्हावा. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. लहान लहान भागभांडवलातून मोठी जोखीम पेलता येते, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. शेजारच्या कर्नाटकात 2003 मध्ये यशस्विनी योजनेने सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना अल्प वर्गणीत शस्त्रक्रियांचे संरक्षण दिले. ती मध्ये थांबली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. दूध संघ, पतसंस्था आणि कारखाने यांचे सभासद हा विम्याच्या नियमांत बसणारा तयार गट आहे. खाटेच्या विम्याला फुले योजना आहेच, तेव्हा या गटांनी ओपीडी आणि दूरसल्ल्यासाठी माणशी वार्षिक रकमेचा करार जवळच्या दवाखान्यांशी करून पाहावा. अशा प्रयोगाचा आराखडा मांडणारा एखादा प्रबंध इथल्याच महाविद्यालयातून यावा, अशी माझी इच्छा आहे.

बाहेरच्या देशांकडे पाहताना एक सावधगिरी. अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात सल्ल्याचे पैसे पूर्वीपासून मिळत. अडसर होता तो जागेचा : रुग्ण ग्रामीण भागात हवा आणि तिथल्याही ठरावीक दवाखान्यात बसलेला हवा. मार्च 2020 मध्ये ती अट सैल झाली, घरून सल्ला चालू लागला, पण कायम कायदा न होता मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. 1 ऑक्टोबर 2025 ला मुदत संपली तेव्हा काही आठवडे सगळेच अधांतरी राहिले. आपल्याकडे जागेची अट जवळजवळ नाही, पैशांची सोय नाही. त्यामुळे तिकडचे युक्तिवाद जसेच्या तसे इकडे उचलता येत नाहीत. तात्पुरत्या सवलतीवर कोणताही दवाखाना माणसे नेमत नाही, एवढा अनुभव मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की सुरुवात आपल्या घरातल्या पॉलिसीपासून करा. कपाटातून ती काढा आणि ओपीडी, दाखल होण्याआधीचे व नंतरचे दिवस, टेलिमेडिसिन, ही कलमे शोधा. मग शेजाऱ्याची पाहा, मग गावातल्या दहा घरांची. जिथे सल्ला मान्य असूनही केवळ फोनवरचा म्हणून क्लेम नाकारला गेला असेल, तिथे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवायला सांगा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर अहिल्यानगरच्या माणसाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.